घरातील जुना संगणक : निगा, दुरुस्ती आणि पुनर्वापर

साधारणपणे २००५ ते २०१५ या दशकात महाराष्ट्रातील मोठ्या शहरांबरोबरच तालुक्याच्या गावांतील अनेक घरांतही संगणकाने प्रवेश केला. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून, कधी पतपेढीचे कर्ज काढून तर कधी हप्त्यांवर, ही खरेदी झाली. पुढे मोबाईल फोन स्वस्त झाले, मुले शिकून नोकरीनिमित्त बाहेर पडली आणि बैठकीच्या खोलीत मानाने मांडलेला हा संच कोपऱ्यात किंवा माळ्यावर गेला. शाळा आणि लहान कार्यालये यांतील अनेक संचांचीही हीच गत झालेली आढळते.

अशा संचांच्या भवितव्याचा प्रश्न १४ ऑक्टोबर २०२५ नंतर अधिक तीव्र झाला. त्या दिवशी विंडोज १० या संचालन प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारे नियमित साहाय्य संपुष्टात आले. तिच्या जागी आलेली विंडोज ११ ही प्रणाली २०१७ पूर्वीच्या बहुतेक संगणकांना अधिकृतरीत्या लागू होत नाही. साहजिकच, "हा आता भंगारात द्या" असा सल्ला दुकानदारांकडून सर्रास दिला जातो. तो कित्येकदा योग्यही असतो. परंतु संगणक जुना होणे आणि तो निकामी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे किरकोळ दुरुस्तीने आणखी काही वर्षे चालू शकणारी यंत्रे टाकून दिली जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांतील माहितीही जाते.

संगणकाची गणना करणारा मुख्य भाग, म्हणजे प्रोसेसर, याला झीज जवळजवळ नाही. २०१२ साली घेतलेला प्रोसेसर त्या वर्षी जितक्या वेगाने हिशेब करीत होता, तितक्याच वेगाने आजही करतो. झिजतात ते फिरणारे भाग, म्हणजे पंखे व हार्डडिस्क. आटतात किंवा वाळतात ते बॅटरी, कपॅसिटर आणि उष्णतावाहक लेप. याखेरीज कालांतराने वाढत जातो तो सॉफ्टवेअरचा भार. "संगणक म्हातारा झाला" या तक्रारीचे मूळ बहुधा या तीन ठिकाणीच सापडते, आणि तिन्हींवर उपाय आहेत.

संगणक तयार करण्यासाठी लागणारी साधनसामग्री लक्षात घेतली तर या उपायांचे मोल अधिक कळते. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या वतीने २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, एक मेजावरील संगणक आणि त्याचा १७ इंची काचनळीचा पडदा तयार करण्यासाठी किमान २४० किलोग्रॅम खनिज इंधन, २२ किलोग्रॅम रसायने आणि सुमारे दीड टन पाणी खर्ची पडत असे. यंत्र घरी येण्यापूर्वीच हा खर्च होऊन गेलेला असतो.

प्रथम माहितीचे जतन

दुरुस्तीचा आरंभ पेटी उघडून करू नये. तीत काय साठवलेले आहे, हे आधी पाहावे. लग्नकार्याची छायाचित्रे, सातबारा व खरेदीखतांच्या स्कॅन केलेल्या प्रती, मुलांच्या गुणपत्रिका, बचत गटाचे किंवा दूध संस्थेचे हिशेब अशी माहिती एकाच प्रतीत वर्षानुवर्षे पडून असते. नवा संगणक बाजारात मिळतो, ही माहिती मिळत नाही.

जुन्या हार्डडिस्कमध्ये चकचकीत चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात आणि त्यांच्यावरून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतर राखून वाचनशीर्ष फिरत असते. या रचनेला दहा-बारा वर्षे झाली की ती कधी थांबेल याचा नेम नसतो. पेटीतून टकटक असा आवाज येणे, साधी फाईल उघडण्यास मिनिटे लागणे, एखादा फोल्डर अचानक दिसेनासा होणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी डिस्क "नीट करण्याचे" कोणतेही सॉफ्टवेअर चालवू नये, कारण त्या खटाटोपात संपूर्ण डिस्क पुन्हा पुन्हा वाचली जाते आणि उरलेसुरले आयुष्यही संपते. जे अत्यंत महत्त्वाचे ते प्रथम, उरलेले नंतर, या क्रमाने माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. शक्य तर दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

संगणक सुरूच होत नसेल तर माहिती गेली असे समजण्याचे कारण नाही. बंद पडलेल्या संगणकातील डिस्क बहुतेक वेळा सुस्थितीत असते. ती काढून एका लहान जोडवायरच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकाच्या यूएसबी खाचेत जोडता येते आणि वाचता येते. ही वायर संगणकाच्या कोणत्याही दुकानात मिळते आणि एकदा घेतली की गावातील अनेकांच्या उपयोगी पडते.

वीजपुरवठ्याचे दोष

"संगणक आपोआप बंद होतो" किंवा "मध्येच पुन्हा सुरू होतो" ही तक्रार घेऊन अनेकजण थेट नवा संगणक घेण्याच्या विचारात पडतात. प्रत्यक्षात दोष कित्येकदा यूपीएसचा असतो. घरगुती यूपीएसमध्ये साधारणतः १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेची शिसे-आम्लाची बंदिस्त बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत क्षीण होते, आणि वीज क्षणभर जरी खालावली तरी संगणकाला सांभाळू शकत नाही. परीक्षा सोपी आहे: यूपीएस वगळून संगणक भिंतीवरील सॉकेटला जोडून पाहावा. तक्रार थांबली तर केवळ बॅटरी बदलणे पुरेसे ठरते.

पेटीच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटणे हा अनुभव आपल्याकडे इतका परिचयाचा आहे की त्याकडे कोणी लक्षही देत नाही. त्याचे कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे. संगणकाच्या वीजपुरवठा संचात, म्हणजे एसएमपीएसमध्ये, विजेतील गोंगाट गाळण्यासाठी बसवलेले लहान कपॅसिटर आपला प्रवाह अर्थिंगच्या तारेकडे सोडतात. घरात अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांची वायर दोन पिनांच्या जोडणीत खुपसलेली असेल, तर हा प्रवाह जाण्यास जागा राहत नाही आणि पेटीवर मुख्य विजेच्या सुमारे निम्मा दाब येऊन थांबतो. प्रवाह अत्यल्प असल्याने एरवी नुसत्या मुंग्या येतात. मात्र एसएमपीएसमध्ये खरोखरच बिघाड झाला तर त्या पेटीवर पूर्ण दाब येऊ शकतो आणि त्यापासून वाचवणारी तार तेथे नसते. म्हणून मुंग्या येणाऱ्या संगणकाची पहिली दुरुस्ती ही त्या घराच्या किंवा शाळेच्या अर्थिंगची दुरुस्ती आहे, आणि ती परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावी. शाळेच्या संगणक कक्षात तर या बाबतीत हयगय होता कामा नये.

जुन्या एसएमपीएसच्या मागील बाजूस ११५ आणि २३० असे लिहिलेला एक लाल रंगाचा छोटा सरकता खटका आढळतो. आपल्याकडे तो २३० वरच असला पाहिजे. लहान मुलांनी कुतूहलाने तो सरकवला आणि संगणक सुरू करताच मोठा आवाज होऊन एसएमपीएस जळाला, असे घडू शकते. खटक्यावर चिकटपट्टी लावून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय होय.

एसएमपीएसची पेटी घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ तीनशे व्होल्टच्या वर दाब टिकून राहू शकतो. काचनळीच्या जुन्या पडद्याबाबत तर हा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. एसएमपीएस बिघडला तर तो संपूर्ण बदलावा. तो चार स्क्रूंवर बसलेला असतो आणि त्याच क्षमतेचा दुसरा सहज मिळतो.

धूळ आणि उष्णता

बोलीभाषेत जिला सीपीयू म्हणतात, त्या पेटीचे एका बाजूचे पान काढले की आतील दृश्य पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. प्रोसेसरवरील धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा गालिचा बसलेला असतो. कोठे पालीची अंडी, कोठे मुंग्यांचे वारूळ, तर कोठे उंदराने कुरतडलेली वायर आढळते. पंखा फिरत असतो, पण हवा पलीकडे जात नाही. प्रोसेसर तापला की स्वतःचा बचाव करण्यासाठी तो आपला वेग आपणहून कमी करतो, आणि त्यानेही भागले नाही तर संगणक बंद पाडतो. विदर्भातील मे महिन्यात खोलीचेच तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेले असते, तेव्हा हे अधिक लवकर घडते. म्हणजे "संगणक उन्हाळ्यात हळू चालतो" ही तक्रार अगदीच खोटी नाही.

साफसफाईसाठी संगणक बंद करून भिंतीवरील वायर काढावी आणि पेटी अंगणात किंवा गच्चीवर न्यावी. आतील वायरी सोडवण्यापूर्वी मोबाईलने त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे. जोडणी पुन्हा लावताना ते फार उपयोगी पडते. आतील कोणत्याही भागास स्पर्श करण्यापूर्वी पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते. कोरड्या हिवाळ्यात ही काळजी विशेष घ्यावी. मऊ ब्रश आणि हवा मारण्याचा ब्लोअर एवढी साधने पुरेशी आहेत. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा ते वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. ओल्या फडक्याचा उपयोग आत कोठेही करू नये.

प्रोसेसर आणि त्यावरील धातूची पाती यांमध्ये उष्णतावाहक लेप असतो. आठ-दहा वर्षांत तो वाळून खडूसारखा होतो. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तुरीच्या दाण्याएवढा नवा लेप मधोमध ठेवावा आणि पाती पुन्हा घट्ट बसवावीत. लेप अधिक लावल्याने अधिक थंडावा मिळत नाही. पाती काढण्यापूर्वी संगणक पाच-दहा मिनिटे चालवून कोमट करून घ्यावा. त्यामुळे चिकटलेला लेप सैल होतो आणि काही संगणकांत पात्यांबरोबर प्रोसेसरही उपटून येण्याचा धोका कमी होतो.

येथे एका घरगुती सवयीचा उल्लेख करणे अप्रस्तुत ठरणार नाही. धूळ बसू नये म्हणून संगणकाला शिवलेले कापडी आच्छादन मोठ्या मायेने घातले जाते आणि संगणक चालू असतानाही ते पूर्ण काढले जात नाही. संगणकाच्या मेजाचा बंद खण हाही तोच प्रकार. हवा येण्या-जाण्याचा मार्ग मोकळा ठेवणे हे कोणत्याही आच्छादनापेक्षा अधिक हितकारक होय.

पेटी उघडली असता मदरबोर्डवरील उभ्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरकडेही पाहावे. त्यांची माथी सपाट असावीत. ती फुगलेली दिसली किंवा त्यांतून तपकिरी द्रव आलेला आढळला तर ते निकामी झाले असे समजावे. विशेषतः १९९९ ते २००७ च्या सुमारास तयार झालेल्या अनेक मदरबोर्डांत सदोष कपॅसिटर वापरले गेले होते. रेडिओ-दूरचित्रवाणी दुरुस्त करणारा कुशल कारागीर हे कपॅसिटर बदलून देऊ शकतो, मात्र नव्याची क्षमता तीच आणि व्होल्ट तेवढे किंवा त्याहून अधिक असावे लागतात.

तीन व्होल्टचा सेल आणि खोडरबर

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असे कोरलेले असते. संगणक बंद असताना तारीख-वेळ आणि प्राथमिक जोडणीची नोंद जपून ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी हा सेल संपतो आणि मग जे घडते, त्याचा संबंध या सेलशी असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. संगणक प्रत्येक वेळी जुनीच तारीख दाखवतो. तारीख चुकल्यामुळे बँकेची किंवा शासनाची सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि "इंटरनेट बिघडले" असा समज होतो. काही संगणकांत हार्डडिस्क कोणत्या पद्धतीने जोडली आहे ही नोंदच पुसली जाते. विंडोज सुरू होत नाही आणि डिस्क गेली असे निदान केले जाते. हा सेल घड्याळजीकडे किंवा किराणा दुकानातही मिळतो. तो बदलून तारीख व जोडणीची नोंद पुन्हा भरली की काम होते. अर्थात ती नोंद पूर्वी काय होती हे ठाऊक असेल तर. यासाठी संगणक चांगला चालत असतानाच त्या पडद्याचे छायाचित्र काढून ठेवणे श्रेयस्कर.

सुरू करताच संगणक लांब शिट्ट्या देत राहतो आणि पडदा काळाच राहतो, हा प्रकार पावसाळ्यात व विशेषतः कोकणपट्टीत वारंवार आढळतो. दमट हवेने रॅमच्या पट्टीच्या टोकावरील धातूवर पातळ थर चढतो आणि संपर्क तुटतो. पट्टी दोन्ही बाजूंच्या कड्या दाबून बाहेर काढावी, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतील साधे पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, रबराचा चुरा ब्रशने झाडावा आणि कड्या आपोआप मिटेपर्यंत पट्टी पुन्हा दाबून बसवावी. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांत हा उपाय फार जुना आहे, आणि पुष्कळदा एवढ्यावरच काम होते.

सर्वांत फलदायी सुधारणा

वरील सर्व उपाय संगणकाला पूर्वस्थितीवर आणतात. त्याला पूर्वीपेक्षा चांगले करणारी एकच सुधारणा निवडावयाची असेल, तर ती म्हणजे फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवणे. एसएसडीमध्ये फिरणारा कोणताही भाग नसतो. हार्डडिस्कच्या वाचनशीर्षाला हव्या त्या जागी पोहोचण्यास दहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाही लागत नाही. संगणक सुरू होताना अशा हजारो लहान फाईली वाचाव्या लागतात. त्यामुळे सुरू होण्यास चार-पाच मिनिटे घेणारा संगणक एका मिनिटाच्या आत तयार होतो. प्रोसेसर तोच असतो, फक्त त्याला आता वाट पाहावी लागत नाही.

जुन्या संगणकासाठी अडीच इंची साटा पद्धतीची एसएसडी घ्यावी. पट्टीच्या आकाराची एनव्हीएमई एसएसडी अधिक वेगवान असली, तरी २०१४-१५ पूर्वीच्या बहुतेक मदरबोर्डांना तीवरून सुरू होता येत नाही. मदरबोर्डवरील साटाची जोडणी जुन्या, मंद पिढीची असली तरी एसएसडी तीवर चालते आणि फरक स्पष्टपणे जाणवतो. मात्र २००३ च्याही आधीच्या संगणकात रुंद, चपट्या फितीसारखी वायर असेल, तर तो मार्ग बंद आहे असे समजावे. एसएसडीचा एक अवगुण सांगणे आवश्यक आहे. हार्डडिस्क बहुधा आवाज करून मरते, एसएसडी पुष्कळदा कोणतीही सूचना न देता. शिवाय वीज न देता ती वर्षानुवर्षे पेटीत ठेवली तर तिच्यातील माहिती पुसट होऊ शकते. त्यामुळे माहितीच्या प्रती राखण्याची गरज एसएसडीमुळे कमी होत नाही. निघालेली जुनी हार्डडिस्क सुस्थितीत असेल तर तिचाच उपयोग प्रतीसाठी करता येतो.

रॅम वाढवण्याचा विचार त्यानंतर करावा. आज संगणकाचा बहुतांश वापर इंटरनेटच्या ब्राऊझरमधून होतो आणि त्याला ४ जीबी रॅम अपुरी पडते. ८ जीबी असल्यास सामान्य कामे सुखाने होतात. डीडीआर २, ३ आणि ४ या पट्ट्यांमधील खाच निरनिराळ्या जागी असते आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी हे उत्तम. संगणकात ३२ बिटची संचालन प्रणाली असेल तर चार जीबीपलीकडील रॅम तिला सामान्यतः वापरता येत नाही, हेही खरेदीपूर्वी तपासावे. २०२५ च्या उत्तरार्धापासून जगभर रॅम व एसएसडीच्या किमती वाढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या माहिती केंद्रांची मागणी वाढली. अशा काळात दोन बंद संगणकांतील पट्ट्या एकत्र करून एक चांगला संगणक उभा करणे शाळांना निश्चितच परवडण्यासारखे आहे.

कळफलक, माऊस व पडदा यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. पहिले दोन बिघडले तर बदलावेत, आणि एलसीडी पडदा बहुधा संगणकापेक्षा अधिक टिकतो.

संचालन प्रणालीचा प्रश्न

विंडोज १० चे साहाय्य संपले, म्हणजे ती प्रणाली असलेला संगणक चालेनासा झाला असे नव्हे. तो पूर्ववत चालतो. परंतु त्या प्रणालीत यापुढे आढळणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटी दुरुस्त होणार नाहीत. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा-सुधारणांची जी सोय जाहीर करण्यात आली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठेवण्यात आली. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात किंवा नागरिकांची माहिती हाताळली जाते, त्यावर साहाय्य संपलेली प्रणाली ठेवणे योग्य नाही. विंडोज ७ चे साहाय्य तर १४ जानेवारी २०२० रोजीच संपले आहे, तरीही ती असलेले संगणक इंटरनेटला जोडलेले आढळतात, ही चिंतेची बाब होय.

या ठिकाणी लिनक्स या मुक्त प्रणालीचा पर्याय उपलब्ध आहे. ती विनामूल्य असून तिच्या लिनक्स मिंटसारख्या आवृत्त्यांची मांडणी विंडोज वापरणाऱ्यास लवकर अंगवळणी पडते. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, 'बॉस' या नावाची भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली २००७ साली उपलब्ध करून दिली. केरळ राज्यातील शासकीय शाळांत तर मुक्त प्रणालीवरच संगणक शिक्षण अनेक वर्षे दिले जात आहे. पेन ड्राईव्हवर ही प्रणाली घेऊन संगणकातील काहीही न पुसता ती आधी चालवून पाहता येते. पडदा, आवाज, वाय-फाय आणि छपाईयंत्र चालते आहे याची खात्री पटल्यावरच ती कायम बसवावी. मात्र ३२ बिटच्या जुन्या प्रोसेसरचा आधार बहुतेक प्रमुख लिनक्स आवृत्त्यांनीही काढून घेतला आहे. डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीत तशा संगणकांसाठी स्थापनेची सोय ठेवलेली नाही.

एक अडचण मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. अंकीय स्वाक्षरीची किल्ली, बोटांचे ठसे घेणारे यंत्र किंवा लेखांकनाची काही सॉफ्टवेअरे केवळ विंडोजवरच चालतात. अशी कामे ज्या संगणकावर होतात, तेथे लिनक्स बसवण्याचा उत्साह दाखवू नये. त्या कामासाठी साहाय्य असलेली विंडोज आणि तिला चालणारा संगणकच हवा. जुना संगणक मुलांच्या अभ्यासासाठी, पत्रलेखनासाठी किंवा ग्रंथालयाच्या नोंदींसाठी ठेवावा.

जुन्या मराठी मजकुराची काळजी

डिस्क किंवा संचालन प्रणाली बदलताना मराठी भाषकांना एक वेगळाच धोका संभवतो, आणि त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएममधील डीव्हीबी मालिकेच्या फाँटमध्ये टंकलिखित होत असे. या पद्धतीत संगणक प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे व चिन्हे साठवतो, त्यांना देवनागरीचे रूप देतो तो केवळ फाँट. नव्या डिस्कवर तो फाँट नसला की ग्रामसभेचे इतिवृत्त असो की एखाद्या शिक्षकाने लिहिलेला गावाचा इतिहास असो, पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसतात आणि फाईल खराब झाली असे समजून ती पुसून टाकली जाते.

म्हणून जुनी डिस्क पुसण्यापूर्वी तिच्या विंडोज फोल्डरमधील फाँट्स हा संपूर्ण फोल्डर स्वतंत्रपणे उतरवून घ्यावा. महत्त्वाचे दस्तऐवज जुन्या संगणकावर उघडून त्यांची पीडीएफ प्रत करावी. पीडीएफमध्ये अक्षरांची आकृती सोबत जाते, त्यामुळे मजकूर कोठेही वाचता येतो. त्यानंतर सवडीने, रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने, तो युनिकोडमध्ये आणावा व एकदा मूळ प्रतीशी ताडून पाहावा. रफार आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात. काही जुनी सॉफ्टवेअरे संगणकाच्या मागे लावलेल्या डोंगलशिवाय चालत नाहीत. ते निरुपयोगी समजून फेकून देऊ नये.

कार्यालये व शाळांसाठी

शासकीय किंवा अनुदानित संस्थेच्या मालकीचा संगणक हा घरच्या संगणकाप्रमाणे उघडता येत नाही. तो देखभालीच्या कराराखाली आहे काय आणि हमीची मुदत संपली आहे काय, हे प्रथम पाहावे. बदललेल्या सुट्या भागांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे कार्यालयात जिला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात तीत, करावी. दोन संगणकांचे भाग एकत्र करून एक उभा केला असेल तर तसा स्पष्ट शेरा लिहून मुख्याध्यापकांची किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची स्वाक्षरी घ्यावी. ही नोंद नसल्यामुळे पुढे लेखापरीक्षणात आक्षेप येतात, आणि त्या धास्तीनेच पुष्कळ संगणक दुरुस्त न होता कुलूपबंद खोलीत वर्षानुवर्षे पडून राहतात.

कोठे थांबावे

मदरबोर्ड जळला असेल, प्रोसेसर ३२ बिटचा असेल किंवा दुरुस्तीचा एकूण खर्च तशाच क्षमतेच्या जुन्या, दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या संगणकाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर त्यावर अधिक पैसा घालू नये. त्यातील रॅम, एसएमपीएस आणि पडदा काढून ठेवावा, ते दुसऱ्या संगणकाला उपयोगी पडतात.

उरलेला सांगाडा फेरीवाल्या भंगारवाल्याला देणे मात्र टाळावे. तांबे काढण्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि सोल्डरमधील शिसे माती-पाण्यात उतरते. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याचीच रीतसर गोळाबेरीज व पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली असून पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने वर्षातून एकदा गावातील असा कचरा एकत्र करून नोंदणीकृत केंद्राकडे पाठवल्यास वाहतुकीचा खर्च विभागला जातो. यूपीएसची शिशाची बॅटरी यात मिसळू नये, ती नवी बॅटरी घेताना विक्रेत्याकडेच जमा करावी. हार्डडिस्क देण्यापूर्वी तीवरील माहिती पूर्णपणे पुसावी, कारण केवळ फाईली डिलीट केल्याने ती जात नाही. डिस्क चालतच नसेल तर ती वेगळी काढून तिच्या चकत्यांना आरपार छिद्रे पाडावीत आणि मगच ती द्यावी.